काळ्या रेशमाचा हिशेब

आपल्या एका अभ्यासवर्गात ‘श्रीमंतीचे प्रदर्शन’ या विषयावर बोलण्याचा प्रसंग मध्यंतरी माझ्यावर आला. चार आकडे फळ्यावर मांडून मोकळे होण्याची आम्हां अर्थशास्त्राच्या शिक्षकांची सवय. पण या वेळी मी सतराव्या शतकातील दोन डच चित्रांच्या छापील प्रती बरोबर नेल्या होत्या. त्या हातोहात फिरल्या आणि पाहता पाहता वर्गात तीन तट पडले. एक तरुण साथी म्हणाला, ‘शोषकांची ही चित्रे पाहून आम्हांला काय मिळवायचे आहे? ती माळ्यावर टाकलेली बरी.’ शाळेत चित्रकला शिकविणाऱ्या एका गृहस्थांना हे मुळीच रुचले नाही. कलाकृती कलेच्याच कसोटीने तपासावी, तिच्या गळ्यात अर्थकारणाचे लोढणे बांधू नये, असे त्यांनी बजावले. तिसरे माझेच एक जुने विद्यार्थी, हल्ली एका बँकेत अधिकारी. त्यांनी मलाच अर्थशास्त्र ऐकविले : ‘सर, श्रीमंत माणूस शौक करतो म्हणून तर कारागिराची चूल पेटते.’

वेळ संपली, चहा आला आणि वाद अर्धवट राहिला. तो पुरा करावा म्हणून हे लिहीत आहे. माझ्या मते तिघेही चुकले आहेत. त्यांच्याइतकेच चुकीचे असलेले एक चौथे मत त्या दिवशी कुणी बोलून दाखविले नाही. परंतु ते आपल्या चळवळीच्या हाडीमासी भिनलेले आहे. ते मत साधेपणाचे. त्याचाही समाचार घेणे भाग आहे.

प्रथम चित्रे कोणती ते सांगतो. थोर डच चित्रकार रेम्ब्राँ याने १६३४ साली ॲम्स्टरडॅम येथे मार्टेन सोलमन्स आणि त्याची पत्नी ओपयेन कॉपिट यांची जोडीने टांगावयाची दोन चित्रे रंगविली. दोन्ही पूर्णाकृती, उभी, प्रत्यक्ष माणसाच्या उंचीची. मार्टेन तेव्हा विशीतला नवविवाहित तरुण. अंगात काळा रेशमी पोशाख, गळ्यापासून खांद्यांवर पसरलेली शुभ्र लेसची रुंद कॉलर, गुडघ्यांखाली लेसचे बंद आणि पायांतील जोड्यांवर कोबीच्या गड्ड्यासारखी फुललेली मोठमोठी फुले. ओपयेनही काळ्या पोशाखात. तिच्या गळ्यात मोत्यांची माळ आणि हातात साखळीला अडकविलेला काळ्या पिसांचा पंखा. मुकुट नाही, तलवार नाही, पायाशी लोळण घेणारे मांडलिक नाहीत. आणि तरीही या दोघांपाशी अमाप पैसा आहे, हे चित्रासमोर उभ्या राहणाऱ्या लहान मुलालाही कळावे अशी योजना आहे.

पूर्णाकृती उभे चित्र ही तोवर युरोपात प्रामुख्याने राजेरजवाड्यांची आणि सरदारांची मिरासदारी होती. मार्टेन सरदारपुत्र नव्हता. त्याचा बाप अँटवर्पहून ॲम्स्टरडॅमला आलेला साखर कारखानदार. ज्या आकारात काल राजा उभा होता, त्याच आकारात आज साखरवाल्याचा मुलगा उभा राहिला. नव्या वर्गाने जुन्या वर्गाची जागा घेतल्याची ती द्वाही आहे. या वर्गाने स्पेनच्या राजसत्तेशी झुंज दिली, गणराज्य उभारले, छापखान्याला आणि विचाराला त्या काळच्या मानाने पुष्कळ मोकळीक दिली. हे त्याचे इतिहासदत्त कार्य आपण नाकारण्याचे कारण नाही. आपला प्रश्न पुढचा आहे. हा पैसा आला कोठून?

मार्टेनच्या बापाच्या साखर कारखान्याचे नाव होते ‘वागेव्ह्यूर’. ख्रिस्ती कल्पनेप्रमाणे मेलेला माणूस स्वर्गात जाण्यापूर्वी ज्या आगीत आपली पापे जाळतो, ती आग म्हणजे वागेव्ह्यूर. त्या काळी ॲम्स्टरडॅमला येणारी कच्ची साखर मुख्यतः ब्राझीलमधून येई. ती कढईत पुन्हा उकळायची, तिच्यावरील मळी काढायची आणि शंकूच्या आकाराच्या साच्यांत ओतून पांढरीशुभ्र करायची, हे शुद्धीकरणाचे काम. त्या भट्टीच्या धगीला हे नाव शोभून दिसत असेल. परंतु खरी आग पेटलेली होती ती समुद्रापार. ब्राझीलमधील ऊस आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांनी लावायचा, तोडायचा आणि गाळायचा. हंगामात चरक रात्रंदिवस चालत. झोपेने डोळा लागलेल्या मजुराचा हात चरकाच्या लाटांत सापडला, तर पुढचा अनर्थ टाळण्यासाठी तो तोडायला चरकाशेजारी कुऱ्हाड ठेवीत. अमेरिका खंडातील ऊसमळ्यांच्या इतिहासात याचे दाखले वारंवार येतात. १६२१ साली डच वेस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. तिने १६३० मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यातील पेर्नांबुको जिंकून घेतले आणि १६३७ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील एल्मिनाचा किल्ला घेतला. ऊस जिथे पिकतो तो मुलूख हाती आला आणि ऊस पिकविणारी माणसे जिथून आणायची ते बंदरही हाती आले. अटलांटिकपार नेलेल्या आफ्रिकी माणसांपैकी साडेपाच ते सहा लाख माणसे एकट्या डच जहाजांनी नेली, असा इतिहासकारांचा हिशेब आहे.

आता चित्रकलेच्या शिक्षकांकडे वळतो. त्यांचे म्हणणे असे, की हे सारे खरे असले तरी चित्राच्या चौकटीबाहेरचे आहे. मी त्यांना नम्रपणे विचारतो, चौकटीच्या आत तरी दुसरे काय आहे? रेम्ब्राँने आपले अलौकिक सामर्थ्य खर्ची घातले ते लेसचा प्रत्येक पदर, रेशमावरील प्रत्येक झाक आणि मोत्यावरील प्रकाशाचा ठिपका जिवंत करण्यासाठी. ज्या वस्तूंवर चित्रकाराने इतके श्रम घेतले, त्या वस्तू कोठून आल्या हे विचारणे कलाबाह्य कसे ठरते? गिऱ्हाइकाने पैसे मोजले ते या वस्तू दिसाव्यात म्हणूनच.

त्याच काळातील डच वस्तुचित्रे पाहावीत. विलेम काल्फ या चित्रकाराच्या चित्रांत गालिचा पसरलेला असतो, त्यावर निळ्या नक्षीचे चिनी भांडे, सोनेरी बैठकीत बसविलेला शिंपल्याचा पेला, अर्धवट सोललेले लिंबू. इतरांच्या चित्रांत मिरीची पुडी असते. या वस्तू टेबलावर आपोआप येऊन बसलेल्या नाहीत. चिनी भांड्यांची आवड हॉलंडला लागली ती लुटीच्या मालामुळे. १६०३ मध्ये डचांनी ‘सांता कातारीना’ नावाचे पोर्तुगीज जहाज सिंगापूरजवळ पकडले आणि त्यातील रेशीम व चिनी मातीची भांडी ॲम्स्टरडॅमला आणून लिलावात विकली. या लुटीचे समर्थन करता करता ह्यूगो ग्रोटियस या पंडिताने समुद्र सर्वांना मोकळा असल्याचा सिद्धान्त मांडला आणि १६०९ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. समुद्र सर्वांना मोकळा. पण मसाल्याची बेटे मात्र एकट्या कंपनीची! १६२१ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर जनरल यान पीटरसून कून याने जायफळाच्या मक्तेदारीसाठी बांदा बेटांवर चढाई केली. तेथील सुमारे पंधरा हजार वस्तीपैकी जेमतेम हजारभर माणसे त्या बेटांवर उरली. बाकीची मारली गेली, उपासमारीने मेली, पळाली किंवा गुलाम म्हणून नेली गेली. रिकाम्या झालेल्या जायफळांच्या बागा गोऱ्या मक्तेदारांना वाटून देण्यात आल्या आणि तेथे राबविण्यासाठी बाहेरून गुलाम आणण्यात आले.

या हिशेबात आपलाही मुलूख आहे, हे जाता जाता नमूद करतो. मसाला विकत घेण्यासाठी कंपनीला रोकडीपेक्षा कापड अधिक उपयोगी पडे, आणि ते कापड कोरोमंडलच्या विणकरांचे. गुजरातेतील सरखेजची आणि आग्र्याजवळील बयाण्याची नीळ कंपनीची माणसे खरेदी करीत. १६३७ पासून वेंगुर्ल्यास डचांची वखार होती; गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या त्यांच्या आरमाराला तिचा आधार होता. बंगालमधून आणि कोरोमंडल किनाऱ्यावरून विकत घेतलेली माणसे गुलाम म्हणून बटाव्हियाला जात. तेव्हा कोणी असे समजू नये की मी कुठल्या तरी दूरच्या देशाची उखाळी काढीत बसलो आहे.

कला कलेच्या कसोटीने तपासा, हे म्हणणे मला मान्य आहे. परंतु ती कसोटी अपुरी राहू देऊ नका, एवढेच माझे सांगणे. रेम्ब्राँ थोर आहे यात वाद नाही. त्याच्या थोरवीमुळे ऊसमळ्यातील माणसाच्या वेदना कमी होत नाहीत, आणि त्या वेदनांमुळे रेम्ब्राँचा हात थिटा पडत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात वागविण्याइतके आपण प्रौढ झाले पाहिजे. शिवाय ज्या समाजाने आपल्या वैभवाची चित्रे या माणसाकडून काढून घेतली, त्याने त्याचे तरी काय केले? १६५६ मध्ये रेम्ब्राँवर दिवाळखोरी पत्करण्याची पाळी आली, त्याचा संग्रह लिलावात गेला, आणि १६६९ साली तो मेला तेव्हा भाड्याच्या निनावी थडग्यात त्याला पुरण्यात आले. वैभवाचे चित्र काढणारा हातसुद्धा त्या व्यवस्थेच्या लेखी मजुराचाच हात होता.

बँकेतील माझ्या विद्यार्थ्याचा मुद्दा अधिक जुना आणि अधिक धूर्त आहे. शौकामुळे कारागीर जगतो, हे सूत्र युरोपात गाजविले ते बर्नार्ड मँडेव्हिल याने. हा हॉलंडमध्ये जन्मलेला आणि इंग्लंडात स्थायिक झालेला वैद्य. १७१४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मधमाश्यांची दंतकथा’ या त्याच्या ग्रंथाचा मथितार्थ असा, की धनिकाचा अहंकार, उधळेपणा आणि चैन हे खासगी दुर्गुण सार्वजनिक हिताचे साधन होतात. सारेच सद्गुणी झाले तर धंदे बसतील. वर्गात हा युक्तिवाद मी वर्षानुवर्षे शिकविला आहे आणि दरवर्षी विद्यार्थी त्यावर खूश होत. पण याच मँडेव्हिलने १७२३ साली गरिबांच्या मुलांसाठी चालणाऱ्या धर्मादाय शाळांना विरोध करणारा निबंध लिहिला. कारण उघड आहे. गरिबाचे पोर शिकले तर हलके काम स्वस्तात कोण करणार? ऐश्वर्याच्या समर्थनाची ही दुसरी बाजू पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही.

मार्टेनच्या लेसचेच उदाहरण घेऊ. लेस म्हणजे अळशीच्या धाग्याचे जाळीदार विणकाम. त्यात सोने नाही, चांदी नाही, दुर्मीळ असे काही नाही. अळशी शेतात उगवते. तरीही असली कॉलर श्रीमंतालाच परवडे, कारण तिच्यात आहे तो केवळ वेळ : सूत काढणाऱ्या बाईचा वेळ आणि दिवसेंदिवस मान मोडून, डोळे ताणून टाचण्यांभोवती धागे गुंफणाऱ्या बाईचा आणि मुलीचा वेळ. दुसऱ्यांच्या आयुष्याचे किती तास मी माझ्या गळ्याभोवती बांधू शकतो, हे जगाला दाखविणे हाच त्या कॉलरचा उपयोग. थॉर्स्टीन व्हेब्लेन याने १८९९ मध्ये दिखाऊ उपभोगाची मीमांसा केली, ती नेमकी याच प्रवृत्तीची.

‘पण त्या बाईला काम तर मिळाले ना?’ असे माझा विद्यार्थी विचारील. जॉन स्टुअर्ट मिलने १८४८ मध्ये याचे उत्तर देऊन ठेवले आहे : वस्तूंना असलेली मागणी म्हणजे श्रमाला असलेली मागणी नव्हे. धनिकाने लेस विकत घेतली नसती तर तो पैसा पृथ्वीतलावरून नाहीसा झाला नसता. तो दुसऱ्या कामात गुंतला असता, किंवा मजुरीच्या रूपाने मजुराच्याच हाती राहिला असता. मिलच्या या सूत्रावर अर्थशास्त्रज्ञांनी पुढे बराच खल केला आहे, हे मी जाणतो. मंदीच्या काळात खर्च थांबविणे घातक ठरते, हेही मी जाणतो. परंतु खर्च व्हावा एवढ्यावरून तो लेसवरच व्हावा असे सिद्ध होत नाही. समाजाच्या श्रमातून कॉलर विणायची की मुलांसाठी उबदार कपडा विणायचा, हे कोणी ठरवावे, हा आपला प्रश्न. त्याच सुमारास लायडनच्या लोकरीच्या धंद्यात अनाथालयांतील आणि गरिबांच्या घरांतील मुले राबत होती. त्यांच्या श्रमाची दिशा ठरविण्याचा अधिकार त्यांना नव्हता. तो थैली ज्याच्या कमरेला होती त्याला होता. आणि ब्राझीलच्या मळ्यावरील गुलामाबद्दल तर ‘रोजगार मिळाला’ हा शब्दप्रयोग करण्याचे धाडस मँडेव्हिललाही झाले नसते.

आता त्या चौथ्या मताकडे, म्हणजे आपल्या स्वतःच्या घराकडे वळू. आपल्यापैकी पुष्कळांना वाटते, की ऐश्वर्याच्या रोगावर साधेपणा हे औषध आहे. श्रीमंतांनी साधे राहावे, लग्नकार्ये साधी करावीत, दागिने मिरवू नयेत, म्हणजे विषमतेची धार बोथट होईल. मी स्वतः आयुष्यभर खादी वापरली; तेव्हा साधेपणाची टवाळी करण्याचा माझा हेतू नाही. परंतु मार्टेन आणि ओपयेन यांच्या पोशाखाचा रंग पुन्हा पाहा. तो काळा आहे. डच व्यापारी धर्माने कर्मठ, रंगीबेरंगी दरबारी थाटाला नाक मुरडणारे. म्हणून ते काळे कपडे घालीत, असे म्हटले जाते. वस्तुतः त्या काळी खोल, न विटणारा काळा रंग हा अतिशय महाग रंगांपैकी एक होता. उत्तम काळे लोकरी कापड करायचे तर ते आधी निळीत बुडवावे लागे, मग पुन्हा पुन्हा दुसऱ्या रंगांत. हलक्या प्रतीचा काळा रंग लवकर तांबूस पडे किंवा कापडच खाऊन टाकी, तो गरिबाचा. म्हणजे हा साधेपणाही विकत घ्यावा लागत होता. ज्यांना कळायचे त्यांना त्याची किंमत कळत होती, आणि इतरांपुढे तो विनय म्हणून खपत होता.

नीतीच्या मार्गाने प्रयत्न झालाच नाही असेही नाही. रेम्ब्राँच्या १६३२ मधील प्रसिद्ध चित्रात शवविच्छेदन करताना दिसणारे डॉक्टर निकोलास तुल्प पुढे ॲम्स्टरडॅमचे नगराध्यक्ष झाले. त्यांच्या पुढाकाराने १६५५ मध्ये लग्नातील उधळपट्टीला आळा घालणारे नियम शहराने केले. मेजवानी किती मोठी असावी यावर नगरपालिका विचार करीत बसली. मेजवानीचा पैसा ज्या जहाजांतून येत होता, त्यांच्या तळघरात कोण साखळदंडांत बांधले आहे, याची विचारपूस त्या नियमांत नव्हती. साधेपणाच्या उपदेशाची मर्यादा ती हीच. तो ताटाकडे पाहतो, मळ्याकडे पाहत नाही. उद्या आपल्याकडील एखाद्या उद्योगपतीने मुलीचे लग्न पन्नास माणसांत उरकले तर आपली वृत्तपत्रे त्याचे गोडवे गातील. त्याच्या कारखान्यातील कंत्राटी कामगाराची मजुरी मात्र त्या दिवशीही तेवढीच राहील. श्रीमंताने आपली संपत्ती दाखविली म्हणून आपली तक्रार नाही. ती त्याची कशी झाली, ही आपली तक्रार आहे. दाखविली नाही म्हणून ती न्याय्य ठरत नाही. उलट ती दाखविली, तर निदान प्रश्न तरी विचारता येतो.

आणि म्हणूनच चित्रे माळ्यावर टाकावीत म्हणणाऱ्या तरुण साथीचे म्हणणे मला पटत नाही. ही दोन चित्रे शतकानुशतके खासगी घरांत होती. १८७७ साली ती हॉलंडमधून पॅरिसला रॉथशील्ड घराण्याकडे गेली. २०१६ मध्ये फ्रान्स आणि नेदरलँड्स या दोन राष्ट्रांनी मिळून ती १६ कोटी युरोंना विकत घेतली. मार्टेन नेदरलँड्सचा, ओपयेन फ्रान्सची. मात्र दोघांना नेहमी एकत्रच, कधी लूव्र तर कधी राइक्सम्युझियम येथे ठेवायचे, असा करार झाला. किमतीबद्दल बोलायचे ते पुढे बोलतो. परंतु चित्रे सार्वजनिक झाल्यामुळे जे घडले ते महत्त्वाचे आहे. २०२१ मध्ये राइक्सम्युझियमने गुलामगिरीवर एक प्रदर्शन भरविले. त्यात दहा माणसांच्या हकिकती सांगितल्या होत्या आणि त्यांत एक ओपयेनची होती.

मार्टेन १६४१ मध्ये वारला. ओपयेनने पुढे मार्टेन डाय नावाच्या लष्करी अधिकाऱ्याशी विवाह केला. हा डाय ब्राझीलमध्ये वेस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता. तेथे असताना त्याने फ्रान्सिस्का नावाच्या एका आफ्रिकी स्त्रीला आपल्या घरात डांबून ठेवले आणि तिच्यावर बलात्कार केला. तिला एलुनम नावाची मुलगी झाली. ब्राझीलमधील डच धर्मसंस्थेच्या कागदपत्रांत हे नोंदलेले आहे. ओपयेनच्या मोत्यांकडे पाहणाऱ्या माणसाला आज फ्रान्सिस्काचे नाव ठाऊक होते. फ्रान्सिस्काचे चित्र कोणी काढले नाही. पण तिचे नाव तिच्या छळकाच्या पत्नीच्या चित्राशेजारी उच्चारले गेले. चित्र माळ्यावर टाकले असते तर फ्रान्सिस्काही माळ्यावरच राहिली असती. चित्रे जाळून किंवा झाकून शोषितांची बाजू प्रकाशात येत नाही. ती येते दप्तरे उघडल्याने.

असले हिशेब उघडू लागले की सत्ताधाऱ्यांना ते कसे टोचतात, तेही पाहण्यासारखे आहे. सतराव्या शतकाला हॉलंडमध्ये ‘सुवर्णयुग’ म्हणत आले आहेत. २०१९ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या नगर संग्रहालयाने हा शब्द यापुढे वापरावयाचा नाही असे ठरविले, तेव्हा तेथील तत्कालीन पंतप्रधान मार्क रुटे यांनी तो निर्णय मूर्खपणाचा ठरविला. त्याच रुटे यांना १९ डिसेंबर २०२२ रोजी गुलामगिरीबद्दल आपल्या राज्याच्या वतीने माफी मागावी लागली. १ जुलै २०२३ रोजी राजानेही माफी मागितली. तीन वर्षांत हा पालट झाला तो कोणाच्या हृदयपरिवर्तनाने नव्हे. गुलामांच्या वंशजांनी वर्षानुवर्षे चालविलेल्या चळवळीचे ते फळ आहे.

मात्र माफीचाही हिशेब तपासला पाहिजे. माफीबरोबर डच सरकारने जनजागृती आणि स्मरणासाठी २० कोटी युरोंचा निधी जाहीर केला. प्रत्यक्ष नुकसानभरपाईची मागणी स्वीकारली नाही. एका साखरवाल्याच्या मुलाच्या चित्रासाठी नेदरलँड्सने मोजलेला वाटा ८ कोटी. म्हणजे शतकांच्या गुलामीच्या स्मरणार्थ ठरविलेल्या रकमेच्या चाळीस टक्के रक्कम एका तसबिरीला. भरपाई देणे अव्यवहार्य आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी १८६३ साल आठवावे. त्या वर्षी १ जुलै रोजी सुरीनाम आणि कॅरिबियनमधील डच वसाहतींत गुलामगिरी संपुष्टात आली तेव्हा भरपाई दिली गेली होती! सुरीनाममध्ये दर गुलामामागे ३०० गिल्डर, आणि ते गुलामाच्या मालकाला. मुक्त झालेल्या माणसाला छदामही मिळाला नाही. उलट मळ्यांची घडी विस्कटू नये म्हणून सुरीनाममध्ये त्याला आणखी दहा वर्षे, १८७३ पर्यंत, सरकारी देखरेखीखाली मजुरी करणे सक्तीचे करण्यात आले.

१८७३ हे साल आपण विसरता कामा नये. त्या वर्षी ५ जूनला कलकत्त्याहून निघालेले ‘लाला रूख’ हे जहाज करारबद्ध हिंदी मजुरांना घेऊन पारामारिबोला पोहोचले. आफ्रिकी गुलामाची सक्ती संपत असताना त्याच्या जागी मळ्यावर कोणाला जुंपायचे याची तजवीज तयार होती. १९१६ पर्यंत सुमारे चौतीस हजार हिंदी माणसे अशी सुरीनामला गेली. आणि याच १८७३ साली जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले व ते अमेरिकेतील निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केले. आपल्या गावच्या शूद्रातिशूद्रांची आणि समुद्रापारच्या गुलामाची कहाणी एकच आहे, हे ओळखण्यासाठी जोतीरावांना कोणाच्या प्रदर्शनाची वाट पाहावी लागली नाही.

पोशाखाच्या राजकारणातही त्यांनी आपल्याला वाट दाखवून ठेवली आहे. १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॉनॉट यांच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीला जरीचे आणि जडजवाहिराचे पोशाख घातलेली मंडळी जमली असता जोतीराव गरीब शेतकऱ्याच्या वेशात तेथे गेले, आणि हिंदुस्थानातील खरी रयत कशी आहे हे त्यांनी पाहुण्यांना सुनावले. तो साधेपणाचा उपदेश नव्हता. या जरीची किंमत कोण भरतो, तो माणूसच त्यांनी मेजवानीत आणून उभा केला होता.

आपले काम तेच आहे. चित्रे पाहावीत, राजवाडे पाहावेत, वस्त्रे पाहावीत. त्यांच्या सौंदर्याने आनंद झाला तर अपराधी वाटून घेऊ नये, कारण ते सौंदर्य कष्टकऱ्यांच्याच हातांनी निर्माण केलेले आहे. मात्र प्रत्येक वेळी तेथील पाटीवर मालकाच्या नावाशेजारी राबणाऱ्याचे नाव मागावे. नाव मिळाले नाही तर दप्तरे उघडा म्हणावे. आणि नाव मिळाल्यावर माफीच्या शब्दांवर समाधान मानू नये. कॅरिबियन राष्ट्रसमूहाने २०१४ मध्ये युरोपीय राष्ट्रांपुढे भरपाईचा दहा कलमी कार्यक्रम ठेवला आहे. सुरीनाम त्या समूहाचे सदस्य आहे. चौतीस हजार हिंदी मजुरांच्या देशातील समाजवाद्यांनी त्या कार्यक्रमाच्या पाठीशी जाहीरपणे उभे राहावे, असा ठराव आपल्या पुढील अधिवेशनात यावा ही माझी सूचना आहे. अभ्यासवर्गातील त्या तिन्ही मित्रांनी, वाद विसरून, त्या ठरावावर सूचक-अनुमोदक म्हणून सह्या केल्या तर माझे त्या दिवशीचे अपुरे व्याख्यान पुरे झाले असे मी समजेन.